शिशाच्या अणुकेंद्रकावर न्यूट्रॉन: स्कॅटरिंगचं मॉडेल स्वतः लिहायचं असेल तर

गोदावरीला पूर आला की नाशिकमध्ये पाण्याची उंची कुणी फुटांत सांगत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत, असं सांगतात. मारुती पुरता बुडाला तरी वरून बघणाऱ्याला तो कुठे आहे ते कळतं. त्याच्या जागी पाणी उसळतं, आणि खालच्या अंगाला प्रवाहात लाटांची ठरावीक नक्षी उमटते. अणुकेंद्रकाच्या बाबतीत आपण कायम असेच पुलावर उभे असतो. केंद्रक दिसत नाही. त्यावर कणांचा झोत सोडायचा, कण कुठल्या कोनात किती विखुरले ते मोजायचं आणि त्या नक्षीवरून आत काय आहे ते ठरवायचं. यालाच स्कॅटरिंग म्हणायचं. शाळेत प्रकाशाच्या विकिरणात निळं आकाश शिकलो, त्याचंच हे केंद्रकापर्यंत पोचलेलं रूप.

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी दरवर्षी कुणीतरी विचारतं, "मॅडम, नाशिकमध्ये बसून न्यूक्लिअर फिजिक्समध्ये काय करता येईल?" बरंच काही करता येतं. आपल्याला जवळचा पेलेट्रॉन (कणांना वेग देऊन झोत तयार करणारं यंत्र) कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात आहे, पण मॉडेल लिहायला पेलेट्रॉन लागत नाही. साधा लॅपटॉप, पायथन आणि क्वांटम मेकॅनिक्सचा एक पक्का पेपर एवढं पुरतं. तुलनेसाठी लागणारी जगभरातली मोजमापं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या 'एक्सफॉर' या साठ्यात फुकट मिळतात. मी मुलांना ज्या क्रमाने हे करायला लावते, त्याच क्रमाने इथे मांडते.

आधी कण, केंद्रक आणि ऊर्जा ठरवा

पहिल्या खेपेला न्यूट्रॉन घ्या, प्रोटॉन नको. न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, त्यामुळे कूलोम्ब बलाचा लांबवर पोचणारा त्रास सुरुवातीलाच अंगावर येत नाही. केंद्रक घ्या शिसं-२०८. त्यात ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन, दोन्ही आकडे 'मॅजिक', म्हणजे कवचं पूर्ण भरलेली, म्हणून केंद्रक गोल आणि घट्ट. त्याची पहिली उत्तेजित पातळी थेट २.६१ एमईव्हीवर (एमईव्ही म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) आहे, त्यामुळे इलॅस्टिक स्कॅटरिंग, म्हणजे केंद्रक उत्तेजित न करता विखुरणं, प्रयोगातही स्वच्छ वेगळं निघतं. ऊर्जा घ्या १४ एमईव्ही. ड्युटेरियम आणि ट्रिटियमच्या प्रक्रियेतून साधारण याच ऊर्जेचे न्यूट्रॉन निघतात, म्हणून या ऊर्जेला मोजमापं भरपूर आहेत. आणखी एक कारण आहे. एक-दोन एमईव्हीला न्यूट्रॉन केंद्रकात शिरून काही काळ मुरतो आणि मग त्याच ऊर्जेने बाहेर पडतो. त्याचा हिशेब वेगळा, हाउसर आणि फेशबाख यांच्या १९५२ च्या पद्धतीने करावा लागतो. १४ एमईव्हीला शिशासाठी हा भाग इतका लहान असतो की सोडून देता येतो.

पोटेन्शियल: वाकवणारा भाग आणि गिळणारा भाग

२०८ कणांशी एकाच वेळी होणारी झटापट जशीच्या तशी सोडवणं शक्य नाही. म्हणून सगळं केंद्रक मिळून एकच पोटेन्शियल आहे असं धरायचं. मात्र ते कॉम्प्लेक्स असलं पाहिजे. त्याचा वास्तव भाग न्यूट्रॉनच्या क्वांटम लाटेला वाकवतो आणि काल्पनिक भाग लाट गिळतो. गिळतो म्हणजे कण नाहीसा होत नाही. तो इलॅस्टिक वाट सोडून दुसऱ्या कुठल्यातरी प्रक्रियेत जातो. काचेत प्रकाश वाकतो आणि काच थोडी गढूळ असेल तर शोषलाही जातो, तसंच हे, म्हणून नाव ऑप्टिकल मॉडेल. १९४९ मध्ये फर्नबाख, सर्बर आणि टेलर यांनी ९० एमईव्हीच्या न्यूट्रॉनसाठी ही कल्पना वापरली. १९५४ मध्ये फेशबाख, पोर्टर आणि वाइसकॉफ यांनी कमी ऊर्जेला ती बसवून दाखवली आणि केंद्रकाला 'ढगाळ काचगोळा' म्हटलं.

पोटेन्शियलचा आकारही १९५४ चाच, वूड्स आणि सॅक्सन यांचा. आत सपाट, काठाशी हळूहळू उतरत जाणारा: १ भागिले (१ + ई चा घात (आर − त्रिज्या)/ए). इथे 'आर' म्हणजे केंद्रापासूनचं अंतर आणि 'ए' म्हणजे काठ किती पसरट आहे त्याचं माप. केंद्रक म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे आपलं द्राक्ष येतं: आत गर, वर पातळ ताणलेली साल. ते चित्र पुसून टाका. ०.७५ फर्मीच्या (१ फर्मी = १०⁻¹⁵ मीटर) 'ए'ला पोटेन्शियल ९० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर यायला सुमारे ३.३ फर्मी लागतात, आणि शिशाची त्रिज्या आहे ७ फर्मीच्या आतबाहेर. म्हणजे काठाची रुंदीच जवळपास निम्म्या त्रिज्येएवढी. नक्षीतले खळगे किती खोल पडतात हे बरंचसं या काठावर ठरतं.

आकडे हवेत तर बेकेट्टी आणि ग्रीनलीस यांचा १९६९ चा संच घ्या. तो वस्तुमानांक ४० च्या वरच्या केंद्रकांसाठी आणि ५० एमईव्हीच्या खालच्या ऊर्जेसाठी आहे. न्यूट्रॉनसाठी वास्तव भागाची खोली ५६.३ − ०.३२ × ऊर्जा − २४ × असममिती. असममिती म्हणजे न्यूट्रॉन वजा प्रोटॉन भागिले एकूण, आपल्यासाठी ४४/२०८, म्हणजे ०.२१२. खोली आली ४६.७ एमईव्ही. त्रिज्या १.१७ गुणिले २०८ चं घनमूळ, म्हणजे ६.९३ फर्मी, आणि काठ (म्हणजे 'ए') ०.७५. काल्पनिक भागाचे दोन तुकडे आहेत. आतला ०.२२ × ऊर्जा − १.५६, म्हणजे १.५ एमईव्ही. काठावरचा १३ − ०.२५ × ऊर्जा − १२ × असममिती, म्हणजे जवळपास ७ एमईव्ही. दोघांसाठी त्रिज्येचा गुणक १.२६ आणि काठ ०.५८. या ऊर्जेला गिळणं मुख्यतः काठावरच होतं, कारण आतल्या कणांना पाउलीच्या नियमामुळे (एका अवस्थेत एकच कण) हलायला मोकळी पातळीच फारशी नसते.

इथे दोन ठिकाणी हात थांबवा. काठावरच्या तुकड्याचा आकार म्हणजे वूड्स-सॅक्सनचा उतार गुणिले ४ए. हा ४ विसरला की गिळणं पाव होतं आणि आलेखाकडे बघून चूक कळत नाही, नुसती नक्षी जरा जास्त ठसठशीत दिसते. दुसरं, दोन्ही भागांना उणे चिन्ह: उणे वास्तव, उणे आय गुणिले काल्पनिक. उतार स्वतःच ऋण असतो, म्हणून काठावरच्या तुकड्यात चिन्ह दोनदा तपासा.

एककं

सगळं एमईव्ही आणि फर्मीत ठेवा. एचबार वर्ग भागिले न्यूट्रॉनच्या वस्तुमानाची दुप्पट म्हणजे २०.७२ एमईव्ही-फर्मी². शिसंही थोडं मागे सरकतं, म्हणून रिड्यूस्ड वस्तुमान घ्यायचं, २०.७२ ला २०९/२०८ ने गुणलं की २०.८२. ऊर्जाही वस्तुमान-केंद्राच्या चौकटीत आणायची: १४ × २०८/२०९ = १३.९३. मग तरंगसंख्येचा वर्ग १३.९३/२०.८२, आणि तरंगसंख्या (के) ०.८१८ प्रति फर्मी.

आता कॉम्प्युटर बाजूला ठेवून कागदावर एक गुणाकार करा: तरंगसंख्या गुणिले त्रिज्या. उत्तर ५.७. म्हणजे कोनीय संवेग 'एल' ० ते ६ असलेल्या लाटा केंद्रकाला सरळ धडकणार, ७-८ च्या आसपासच्या काठाला घासून जाणार, आणि १३-१४ च्या पुढच्यांना केंद्रक असल्याची खबरही लागणार नाही. 'एल' १५ पर्यंत घेतलं की पुरे. हा अंदाज वहीत लिहून ठेवा, पुढे तोच पहारेकरी आहे.

समीकरण सोडवणं

प्रत्येक 'एल'साठी त्रिज्येच्या दिशेचं श्रोडिंजर समीकरण वेगळं सोडवायचं. क्यू = (ऊर्जा − पोटेन्शियल)/२०.८२ − एल(एल+१)/आर². लाटेचा दुसरा डेरिव्हेटिव्ह म्हणजे उणे क्यू गुणिले लाट. पहिला डेरिव्हेटिव्ह नसलेल्या अशा समीकरणासाठी न्युमरॉव्हची पद्धत फार सोयीची. लागोपाठच्या तीन बिंदूंपैकी पुढच्या आणि मागच्या बिंदूवरल्या लाटेला (१ + एच²क्यू/१२) ने गुणायचं, मधल्याला २(१ − ५एच²क्यू/१२) ने. पुढचा अधिक मागचा बरोबर मधला, की पुढची किंमत हातात आली. पायरी 'एच' ०.०५ फर्मी ठेवा. लाट कॉम्प्लेक्स आहे, तेव्हा ॲरेही कॉम्प्लेक्स घोषित करा. नाहीतर पायथनची नमपाय लायब्ररी काल्पनिक भाग टाकून देते.

सुरुवात शून्यापासून करू नका. एल = १ साठी शून्यावर एल(एल+१)/आर² अनंत आणि लाट शून्य, त्यांचा गुणाकार मात्र शून्य नसतो, आणि प्रोग्रॅम तो शून्य धरतो. एच आणि २एच या बिंदूंवर लाट आर चा (एल+१) वा घात अशी द्या आणि पुढे चला. किती लांब जायचं? पोटेन्शियल संपेपर्यंत. त्रिज्या अधिक काठाची दहापट, म्हणजे साडेचौदा फर्मीला ४६.७ एमईव्हीचे ०.००२ उरतात. १५ आणि १५.५ फर्मीवरच्या किमती उचला.

बाहेरच्या लाटेशी जुळवणी

तिथे पोटेन्शियल नाही, म्हणून लाट म्हणजे आत येणारी उणे एस गुणिले बाहेर जाणारी. हा 'एस' एवढंच आपल्याला हवं. केंद्रकाबद्दलची सगळी बातमी त्या एका कॉम्प्लेक्स आकड्यात असते. बाहेर जाणारी लाट = जी + आय एफ, आत येणारी = जी − आय एफ. एफ म्हणजे केआर गुणिले गोलीय बेसेल, आणि जी म्हणजे उणे केआर गुणिले गोलीय नॉयमान. दोन बिंदूंवरच्या लाटांना पहिली आणि दुसरी म्हणू. एस = (पहिली लाट × दुसऱ्या बिंदूवरची आत येणारी − दुसरी लाट × पहिल्या बिंदूवरची आत येणारी) भागिले हेच पद, फक्त आत येणारीच्या जागी बाहेर जाणारी. बेसेल फलनं पायथनच्या सायपाय लायब्ररीतून घ्या. ती स्वतः रिकर्शनने वर चढत काढली तर मोठ्या 'एल'ला बेसेलमध्ये राउंडिंगची चूक बेसुमार फुगते.

'जी'मधल्या 'उणे' या शब्दाकडे नीट लक्ष द्या. का, ते पुढे सांगते.

चाचण्या: इथे घाई करू नका

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका विद्यार्थिनीचा प्रोग्रॅम तयार झाला होता. पोटेन्शियल शून्य ठेवलं तर प्रत्येक एस बरोबर १ येत होता. काल्पनिक भाग शून्य ठेवला तर एसचं माप १ येत होतं. दोन्ही अगदी हवं तसं. मग पूर्ण पोटेन्शियल घातलं आणि ती म्हणाली, "मॅडम, रिॲक्शन क्रॉस-सेक्शन निगेटिव्ह येतंय." रिॲक्शन क्रॉस-सेक्शन म्हणजे न्यूट्रॉन गिळला जाण्याच्या शक्यतेचं माप, ते ऋण असूच शकत नाही. एसचं माप १ च्या वर जात होतं, म्हणजे केंद्रक न्यूट्रॉन गिळण्याऐवजी तयार करत होतं. मी म्हणाले, "अगं, काल्पनिक भागाचं चिन्ह उलटं पडलं असणार, फिरव ते." तिने फिरवलं. सगळं छान जमलं. एकूण क्रॉस-सेक्शन मोजमापाशी जुळलं, कोनानुसारचा आलेख जुळला, ऑप्टिकल थिअरमही (सरळ पुढे जाणाऱ्या लाटेवरून एकूण क्रॉस-सेक्शन देणारा नियम) जुळला. आम्ही खूश झालो आणि प्रोटॉनकडे वळलो.

प्रोटॉनचा आलेख काही केल्या जुळेना. तीन आठवडे कूलोम्बच्या फेजमध्ये चूक शोधली. चूक तिथे नव्हतीच. पहिल्या दिवसापासून 'जी'मधलं ते उणे चिन्ह राहून गेलं होतं. ते राहिलं की एसच्या जागी १ भागिले एस मिळतो. पोटेन्शियल शून्य असेल तर दोन्ही १, वास्तव असेल तर दोन्हींचं माप १, म्हणून आमच्या दोन्ही चाचण्या बिनबोभाट पार पडल्या. आणि मी सांगितल्यावर फिरवलेलं काल्पनिक भागाचं चिन्ह मुळात बरोबरच होतं. दोन चुका मिळून एसचा कॉम्प्लेक्स कॉन्जुगेट तयार झाला. न्यूट्रॉनच्या क्रॉस-सेक्शनमध्ये एस काय आणि त्याचा कॉन्जुगेट काय, उत्तर तेच येतं. प्रोटॉनमध्ये केंद्रकाचा भाग कूलोम्बच्या भागात मिसळतो, तिथे मात्र फेजचं चिन्ह लागतं, आणि झाकलेलं सगळं उघडं पडलं.

म्हणून आता माझ्याकडे प्रत्येकाला तिसरी चाचणी द्यावीच लागते: उत्तर आधी हाताने काढता येईल असा चौकोनी खड्डा. खोली ४० एमईव्ही, त्रिज्या ४ फर्मी, ऊर्जा ५ एमईव्ही, २०.८२ ऐवजी २०.७२, एल = ०. बाहेरची तरंगसंख्या ०.४९१२, आतली १.४७३७. काठावर आतली आणि बाहेरची लाट जुळवली की फेज शिफ्ट (खड्ड्यामुळे लाट किती सरकली ते) + १.९६५ = आर्कटॅन(०.३३३ × टॅन ५.८९५). यातून फेज शिफ्ट येते उणे २.१००५ रेडियन. त्यात पाय (३.१४१६) मिळवा, म्हणजे अधिक १.०४१ रेडियन, ५९.६५ अंश. एसचा कोन याच्या दुप्पट. तुमच्या प्रोग्रॅमने उणे ५९.६५ दिलं तर उणे चिन्ह शोधायला कुठे जायचं ते तुम्हाला आता ठाऊक आहे. काठावर पोटेन्शियल एकदम तुटतं, तिथे न्युमरॉव्हची अचूकता ढासळते. त्या बिंदूवर अर्धी खोली, २० एमईव्ही, दिली की उत्तर सावरतं. 'एच' निम्मा करून उत्तर स्थिरावतंय ना तेही बघा.

हे जुळेपर्यंत खरं पोटेन्शियल घालू नका. एक दुपार जाईल, जाऊ द्या.

बेरीज आणि मोजमापाशी भेट

आता एसवरून सगळं निघतं. रिॲक्शन क्रॉस-सेक्शन = पाय/के² गुणिले (२एल+१)(१ − एसच्या मापाचा वर्ग) यांची बेरीज. इलॅस्टिकसाठी कंसात (१ − एस) च्या मापाचा वर्ग. एकूण म्हणजे दोघांची बेरीज. उत्तर फर्मी² मध्ये येतं, १०० फर्मी² म्हणजे १ बार्न. शिशासाठी १४ एमईव्हीला मोजलेलं एकूण क्रॉस-सेक्शन ५ ते ६ बार्नच्या दरम्यान आहे आणि त्यात इलॅस्टिक नसलेला भाग अडीच बार्नच्या आसपास. तुमचे आकडे या परिसरात हवेत.

प्रत्येक 'एल'चं |एस| छापून डोळ्यांखालून घाला. वहीतला अंदाज आठवा: १३-१४ च्या पुढे ते १ ला टेकलं पाहिजे. नसेल टेकत तर बहुधा जुळवणी फार आत केली आहे किंवा त्रिज्येत घनमूळ राहिलं आहे.

कोनानुसारचं क्रॉस-सेक्शन लॉग स्केलवर काढा. पुढच्या दिशेला उंच शिखर, मग खळगे आणि उंचवटे. ७ ते ७.५ फर्मीच्या काळ्या चकतीमागे पहिला खळगा ३६ ते ३९ अंशांना पडला असता. तुमचा त्याच भागात पडायला हवा. पहिल्यांदा स्वतःच्या प्रोग्रॅममधून ती नक्षी निघते तेव्हा वर्गातली सगळी मुलं त्या एका लॅपटॉपभोवती गोळा होतात. आपल्या हाताने लिहिलेल्या चाळीस ओळींतून केंद्रकाची सावली पडलेली असते.

एक्सफॉरमधला डेटा लावताना तीन गोष्टी पाहा: कोन प्रयोगशाळेच्या चौकटीतला की वस्तुमान-केंद्राच्या, एकक मिलिबार्न की बार्न, आणि शिसं शुद्ध २०८ आहे की नैसर्गिक. नैसर्गिक शिशात २०८ निम्म्याहून थोडंच जास्त असतं.

स्पिन, आणि मग प्रोटॉन

खळगे मोजमापापेक्षा फार खोल येत असतील तर त्यात स्पिन-ऑर्बिटचाही, म्हणजे न्यूट्रॉनचा स्पिन आणि कोनीय संवेग यांच्या जोडणीचाही, हात असतो. बेकेट्टी-ग्रीनलीसमध्ये त्याची खोली ६.२, त्रिज्येचा गुणक १.०१, काठ ०.७५. त्याला २ फर्मी² आणि उतार भागिले आर यांनी गुणायचं. मग एकूण कोनीय संवेग जे = एल + १/२ साठी एलने, आणि जे = एल − १/२ साठी उणे (एल+१) ने. प्रत्येक 'एल'चे आता दोन एस होतील. चिन्हाची खात्री शेल मॉडेलवरून करा: एल + १/२ वाल्याला आकर्षण जास्त मिळालं पाहिजे.

प्रोटॉनसाठी एफ आणि जीच्या जागी कूलोम्ब फलनं येतात; ती पायथनच्या एमपीमॅथमध्ये आहेत. केंद्रकाच्या आत भार एकसारखा पसरलेला गोळा धरा. एकूण क्रॉस-सेक्शन विसरा, ते अनंत असतं. आलेख रदरफर्डच्या (नुसत्या कूलोम्ब बलाच्या) सूत्राशी गुणोत्तर म्हणून काढा; लहान कोनांना ते १ कडे गेलं नाही तर फेज चुकली आहे.

आकडे फिरवण्याआधी

जुळणी पक्की करायला खोली, त्रिज्या, काठ सगळं एकदम मोकळं सोडायचा मोह होतो. सोडू नका. खोली गुणिले त्रिज्येचा वर्ग जवळपास तेवढाच राहिला की आलेख फारसा हलत नाही. काठावरच्या गिळण्याची खोली आणि त्याचा पसरटपणाही असेच एकमेकांची बाजू सांभाळून घेतात. कॉम्प्युटर काय-स्क्वेअर (मोजमापाशी असलेल्या तफावतीचं माप) कमी करून देईल आणि त्रिज्या मात्र भलतीच निघेल. भूमिती संचातलीच ठेवा, फक्त दोन खोल्या फिरवा, आणि त्याच आकड्यांनी एकूण क्रॉस-सेक्शनही जुळतंय का ते पाहा.

शिसं जमल्यावर हाच प्रोग्रॅम कार्बन-१२ वर चालवून पाहा. वस्तुमानांक ४० च्या खाली असल्याने संच तिथे लागू नाही, आणि आलेख ठिकठिकाणी घसरेल. कार्बनचं केंद्रक चपटं आहे आणि त्याची ४.४४ एमईव्हीची पातळी इलॅस्टिक लाटेतून सतत उचलत आणि परत देत असते. ती देवघेव एका 'एल'च्या एका समीकरणात मावत नाही. त्यासाठी एकापेक्षा जास्त समीकरणं एकमेकांना बांधून सोडवायची, म्हणजे कपल्ड चॅनल. न्युमरॉव्ह तोच राहतो, फक्त क्यूच्या जागी मॅट्रिक्स येते.